पुढे कुणालाही विचारा

आमच्या जुन्नरकडे पत्ता फाट्यापासून सुरू होतो आणि 'पुढे कुणालाही विचारा' इथे संपतो. कल्याणची गाडी धरा, बनकर फाट्याला उतरा, चहाच्या टपरीपासून आत जाणारा रस्ता, मारुतीचे देऊळ, देवळामागे ओढा, ओढ्यापलीकडे वाडी. पुढे कुणालाही विचारा. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातही हीच रीत. मंचरहून घोडेगाव, घोडेगावहून डिंभे, तिथून धरणाच्या कडेकडेने आत, आणि मग पुन्हा तेच. हा 'कुणीही' म्हणजे ओट्यावर तांदूळ निवडणारी म्हातारी असते, गुरे वळून परतणारा पोरगा असतो, डोक्यावर हिरड्याचे पोते घेतलेली बाई असते. सगळे शिवार त्यांच्या डोक्यात असते. कुठला ओढा मृगातच भरतो, कुठल्या बांधावरून पावसाळ्यात पाय घसरतो, कुणाचे कुत्रे अंगावर येते, हे विचारल्याबरोबर कळते आणि विचारण्याचे पैसे पडत नाहीत.

गेल्या वीस वर्षांत हे डोक्यातले शिवार हळूहळू फोनमध्ये उतरले. उतरवले त्याच म्हातारीच्या नातवांनी, हौसेने आणि फुकट. त्या हौसेवर जगभर मोठमोठे धंदे उभे राहिले. मला त्याचे दुःख आहे असे नाही. धंदा वाईट नसतो. जुन्नर तर पेठेचेच गाव. पण पेठेत वाढलेल्या माणसाला हिशेब पाहायची खोड असते, तेवढी माझी आहे.

गुगल अर्थ २००५ साली आले. त्यानंतरच्या वर्ष-दोन वर्षांत आमच्याकडच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसलेली पोरे पडद्यावर काय शोधत होती, ते मी पाहिले आहे. जगातले कुठलेही शहर दिसू शकत असताना ती आपल्या घराचे छप्पर शोधत होती. शिवनेरीचा आकार वरून पिंडीसारखा आहे हे लहानपणापासून ऐकलेले. तो खरोखर तसा आहे का, हे एकमेकांना कोपरखळ्या मारत ताडून पाहत होती. माणिकडोह धरणाचे पाणी सापडे. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या सापडत. मग कुणाला तरी कळे की चित्र आहे, पण त्यावर आपल्या वाडीचे नावच नाही. मुंबई होती, पुणे होते, जुन्नर होते, नारायणगाव होते, वाडी नव्हती. वाडी नसलेला नकाशा वाडीतल्या पोराला चैन पडू देत नाही, आणि लोकांनी भरलेल्या नकाशांची सारी भरभराट या अस्वस्थतेतून झाली, असे माझे मत आहे.

२००६ च्या मे महिन्यात दोन रशियन तरुणांनी विकिमॅपिया सुरू केले. गुगलच्या उपग्रहचित्रावर कुणीही यावे, चौकोन ओढावा आणि त्यात नाव लिहावे. इतके सोपे. पाहता पाहता चित्र चौकोनांनी भरून गेले. शाळा, देऊळ, दूध डेअरी, पाण्याची टाकी आणि जागोजाग 'माझे घर'. कुणाचे घर, हे लिहायची गरज कुणालाच वाटली नव्हती. नकाशाशास्त्राच्या दृष्टीने तो कचरा होता. मला मात्र त्या 'माझे घर'वाल्या चौकोनांचे अजून अप्रूप आहे; तोवर नकाशे राजाने काढले, लष्कराने काढले, महसूल खात्याने काढले. घरातल्या माणसाने नकाशावर घर मांडण्याची ती जवळजवळ पहिली वेळ.

सरकारी नकाशे नव्हते असे नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ सालचा. आपल्या पुणे जिल्ह्यातच, इंदापूरला, १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी शेतवार मोजणीची पद्धत बसवली आणि ती पुढे मुंबई इलाख्यात पसरली. पण गावनकाशा तलाठ्याच्या दप्तरात आणि चढउतार दाखवणारी टोपोशीट देहरादूनच्या गोदामात. सह्याद्रीत भटकणाऱ्यांजवळ असायची ती झेरॉक्सची झेरॉक्स; त्यातल्या समोच्च रेषा इतक्या पुसट की घाटाचा कडा आहे की कागदाची घडी, याचा उलगडा जागेवर पोचल्यावरच व्हायचा. दुसरा आधार डोंगरवेड्यांच्या वह्यांचा. डोंबिवलीच्या ट्रेकक्षितिजसारख्या संस्थेने किल्ल्यांची माहिती मराठीत सर्वांसाठी मांडून ठेवली, तेव्हा चावंड, हडसर, जीवधनच्या वाटा घरबसल्या वाचता आल्या. ती मंडळीही विनामोबदलाच राबत होती.

या दुष्काळातच गुगलला विहीर खणावीशी वाटली. भारतासारख्या देशात विकत घ्यायला चांगला नकाशाच मिळत नाही, मग लोकांनाच काढू द्या, अशा विचाराने कंपनीच्या बंगळुरूच्या कचेरीत ललितेश कात्रगड्डा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅप मेकर घडवले. २००८ साली ते खुले झाले. रस्ता आपण ओढायचा, नाव आपण द्यायचे, दुसऱ्या कुणी तरी ते तपासायचे. वाडीतल्या पोराने पावसाळ्यात चिखलात बुडणारी पाणंद ओढली, ती मंजूर झाली आणि काही दिवसांनी साऱ्या जगाला दिसू लागली. पगार नव्हता, पण त्या दिवशी तो पोरगा घरी वेगळ्याच ऐटीत जेवायला बसला असणार.

पुढची गोष्ट नाटकी आहे. २०१३ साली गुगलने भारतात नकाशे भरण्याची स्पर्धा घेतली आणि तिला नाव दिले मॅपेथॉन. सर्वेक्षण विभागाने तक्रार केली की नकाशे काढायला आमची परवानगी लागते आणि यात लष्करी ठिकाणेही येतात. प्रकरण सीबीआयच्या प्राथमिक चौकशीपर्यंत गेले. हौशी माणसाने आपल्या गावचा रस्ता काढला तर तो देशसेवक की गुन्हेगार, हे काही वर्षे नक्की ठरेना. २०१५ मध्ये कुणा खोडसाळाने रावळपिंडीजवळच्या नकाशात अँड्रॉइडचा बाहुला ॲपलच्या चिन्हावर लघवी करताना काढून ठेवला, आणि शरमेने कंपनीने मॅप मेकर काही काळ बंदच केले. २०१७ च्या मार्चअखेर ते कायमचे मिटले. साधन मिटले, लोकांनी दिलेली पाणंद, वाडी, ओढा मात्र मुख्य नकाशात मुरून गेले. त्यातले आपण काय काय दिले, ते बाहेर काढून नेण्याची सोय नव्हती.

त्याच सुमारास, म्हणजे २०१६ च्या सप्टेंबरात, जिओ आले. डेटा स्वस्त झाला आणि नकाशा कॅफेतून उठून खिशात आला. आता जो तो नकाशा वापरू लागला. वापरताना त्याचा फोन कुठे थांबतो, किती वेगाने जातो, हे नकाशाला कळू लागले. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या गाड्यांची रांग लागली की रस्ता पडद्यावर लाल होतो, तो रांगेत अडकलेल्यांच्याच फोनमुळे. जास्त माणसे, म्हणून जास्त अचूक. जास्त अचूक, म्हणून आणखी माणसे. या चक्राची किंमत २०१३ मध्येच ठरली होती. वेझ नावाचा, गाडी चालवणाऱ्यांनीच खबरा देऊन चालवलेला इस्रायली नकाशा गुगलने सुमारे एक अब्ज डॉलरला घेतला. त्याचे मूळ इस्रायलमधल्या लोकांनी मिळून काढलेल्या एका खुल्या नकाशात होते. ज्यांनी रस्ते भरले त्यांना त्या अब्जातला छदामही मिळाला नाही. करारात तसे लिहिलेलेच नव्हते.

यावर जकातही होतीच. दुसऱ्या कंपनीला आपल्या ॲपमध्ये गुगलचा नकाशा दाखवायचा तर पैसे. २०१८ च्या जुलैत हे दर बदलले आणि कित्येक छोट्या उद्योगांना घाम फुटला. शोधात वर यायचे तर जाहिरात. २०२४ च्या जुलैत ओला या टॅक्सी कंपनीने गुगलचा नकाशा सोडून स्वतःचा वापरायचे जाहीर केले, आणि त्याच महिन्यात गुगलने भारतातले दर ७० टक्क्यांपर्यंत उतरवल्याची घोषणा केली. दर इतके उतरू शकत होते, हे त्या दिवशी कळले. १९९५ पासून पगारी माणसे पाठवून घरोघरच्या नोंदी घेणारी मॅपमायइंडिया डिसेंबर २०२१ मध्ये शेअर बाजारात आली, तेव्हा नकाशा हा केवढा माल आहे हे बाजारालाही उमगले.

जकातीचे आम्हाला नवल नसावे. नाणेघाटाच्या माथ्यावर तो दगडी रांजण अजून उभा आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल सातवाहनांच्या काळी या घाटाने चढून जुन्नरच्या पेठेत येई आणि जकातीची नाणी या रांजणात पडत, असे आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. शेजारच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञ केले, गाई दिल्या, घोडे दिले, नाणी दिली, असा आकड्यांनिशी हिशेब. मी तिथे उभा राहतो तेव्हा मला वाट आधी कुणी पाडली असेल, याचाच विचार येतो. आधी जनावर उतरले असेल, त्यामागे गुराखी, त्यामागे मीठ आणायला गेलेला कुणी. त्यांची नावे लेखात नाहीत. वाट पायांनी पडली आणि जकात दरबाराने घेतली. तरी दरबाराची बाजू सांगायला हवी: त्याने घाट बांधून काढला, पाण्याची टाकी खोदली, टेकायला लेणे दिले. टाक्यातले पाणी आजही वाटसरू पितात. तशी गुगलचीही बाजू आहे. उपग्रहचित्रे विकत घेणे, ती साठवणे, कोट्यवधी लोकांना फुकट वाट दाखवणे हे पोरांच्या हौसेने झाले नसते. तेव्हा जकात घेतली म्हणून मी बोटे मोडणार नाही. वही एकाच्या हातात आहे आणि ती आपल्याला उघडता येत नाही, ही माझी हरकत.

ही हरकत पुस्तकी नाही. २०१८ मध्ये जुन्नर तालुक्याला पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला आणि घाटघर, आंबोली, चावंडच्या पायथ्याशी घरगुती खाणावळी निघाल्या. पिठले-भाकरी, मासवडी, रात्री अंगणात तंबू. त्यांचे दुकान म्हणजे नकाशावरचा एक ठिपका आणि त्याखालचे तारे. अशाच एका खाणावळवाल्याच्या ठिपक्यावर कुणीतरी 'कायमचे बंद' अशी नोंद करून टाकली. दोन शनिवार कुणी फिरकले नाही. तिसऱ्या शनिवारी वाट चुकून आलेल्या गिऱ्हाइकाने फोन उघडून दाखवले तेव्हा त्याला कळले. मला म्हणाला, "दादा, चूल माझी, जागा माझी, आणि धंदा बंद झाला हे मला पुण्याचं गिऱ्हाईक सांगतंय." तक्रार कुणाकडे करायची? कचेरी नाही, खिडकी नाही, साहेब नाही. तो ठिपका पूर्वी त्याच्याच भाच्याने लावून दिला होता.

दुसऱ्या तऱ्हेचा नकाशा आहे, आणि तोही लोकांनीच काढलेला. २००४ साली लंडनमध्ये स्टीव्ह कोस्ट नावाच्या विद्यार्थ्याने ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला, कारण तिथलेही सरकारी नकाशे महागडे आणि अटींनी बांधलेले. इथेही लोक फुकटच राबतात, पण अट वेगळी आहे: जे भरले ते सर्वांचे. कुणीही सगळाच्या सगळा उतरवून न्यावा, त्यावर धंदाही करावा. फक्त श्रेय द्यावे आणि त्या माहितीत भर घालून ती पुढे वाटली तर ती भरही तशीच खुली ठेवावी. धंदे झालेच. मॅपबॉक्स ही कंपनी या नकाशावर वाढली. २०१२ मध्ये फोरस्क्वेअर या ॲपने गुगल सोडून तिच्याकडे धाव घेतली. आज ॲमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट यांची पगारी माणसे याच नकाशात रस्ते भरतात, आणि २०२२ च्या डिसेंबरात त्यांनी टॉमटॉम या नकाशा कंपनीला बरोबर घेऊन ओव्हर्चर नावाची वेगळी आघाडीही उघडली. म्हणजे बडे इथेही आहेतच.

तरी फरक कसा पडतो, त्याला एक उदाहरण पुरे. मॅप्स.मी हे ॲप आमच्या भटक्यांच्या आवडीचे, कारण जीवधनच्या पायथ्याला रेंज गेली तरी ते चालायचे. आतला नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा. २०१४ मध्ये ते एका रशियन कंपनीने घेतले, २०२० मध्ये पुन्हा विकले गेले, आणि नव्या मालकाच्या हाती त्याचे रूप बिघडले. तेव्हा ते मुळात घडवणाऱ्यांपैकी काहींनी खुला असलेला जुना कोड उचलला, तोच खुला नकाशा घेतला आणि ऑरगॅनिक मॅप्स म्हणून नवे ॲप काढले, जाहिरातींविना. मालक ॲप घेऊन गेला, नकाशा जागेवर राहिला. बंद वहीत असे घडू शकत नाही.

खुले आणि बंद यांतला हा फरक खोडदला वेगळ्या तऱ्हेने दिसतो. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या, प्रत्येकीचा व्यास पंचेचाळीस मीटर, शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या. त्यांतून १५० मेगाहर्ट्झवर आकाशाच्या सुमारे नव्वद टक्के भागाचे सर्वेक्षण झाले आणि त्या रेडिओ आकाशाची चित्रे जगातल्या कुठल्याही खगोलशास्त्रज्ञाला फुकट उतरवून घेता येतात. सरकारी पैसा, आमच्या शेतांमधली जागा, आणि माल साऱ्या जगाचा. आमच्याच तालुक्यातून आकाशाचा नकाशा खुला झाला आणि खालच्या पाणंदीचा नकाशा मात्र परक्याच्या खात्यात, हा विनोद मला एसटीच्या खिडकीतून त्या तबकड्या दिसल्या की हटकून आठवतो.

आंबेगावचे दुखणे आणखी निराळे आहे. ज्या गावाचे नाव तालुक्याला, ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. वरून पाहिले तर त्या धरणाच्या हुतात्मा बाबू गेनू सागराचे पाणी तेवढे दिसते. पाण्याखालच्या आळ्या, खळी, पाणवठे उपग्रहाला दिसणार नाहीत. ते फक्त उठून गेलेल्यांना ठाऊक, आणि ती पिढी आता म्हातारी होत चालली. आणि याच तालुक्यातले माळीण गाव. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि दीडशेच्या वर माणसे चिखलात गेली. ही खबर ना उपग्रहाने दिली ना फोनने. रोजच्या फेरीची एसटी घेऊन आलेल्या चालकाला गाव दिसेना, त्याने माघारी येऊन सांगितले. त्या सकाळी नकाशावर माळीण जसेच्या तसे होते. लोकांनी भरलेल्या नकाशाची ताकद अशा चालकात असते: रोज त्या वाटेने जाणाऱ्या आणि बदल झाला की ओळखणाऱ्या माणसात. कंपनीला हा माणूस पगारावर ठेवता येत नाही, म्हणून तर ती त्याला बिल्ले आणि गुण देऊन खूश ठेवते. गुगलचे 'लोकल गाइड' २०१५ पासून याच बिल्ल्यांवर चालले आहेत.

सगळेच नकाशावर जावे, असेही मला वाटत नाही. नाणेघाटातला उलटा धबधबा एकदा फोनवर प्रसिद्ध झाला आणि पावसाळ्यातल्या रविवारी घाटघरच्या बाईला शेतावर जायला रस्ता उरेना. हिरडा वेचणाऱ्यांच्या पायवाटा आज विकीलॉकसारख्या स्पॅनिश ॲपवर कुणा पुणेकराच्या नावाने चढलेल्या दिसतात, आणि त्या फोनवर धरून चालायचे तर वर्गणी भरा. वाट वेचणाऱ्या बायकांची; नाव चढवणाऱ्याचे; वर्गणी तिसऱ्याची. आहुप्याकडच्या देवराया, बिबट्याची वीण होणारी उसाची राने, गावाच्या पिण्याचे झरे यांची नोंद गावाच्या वहीत असावी, चव्हाट्यावर नको. काय सांगायचे आणि काय नाही, हे ती ओट्यावरची म्हातारी माणूस पाहून ठरवते. हे शहाणपण अजून कुठल्या नकाशाला आलेले नाही.

पण बाकीचे जाऊ द्यावे, आणि आपल्या हाताने जाऊ द्यावे. आता भीती बाळगायचे कारणही नाही. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय माणसाला नकाशे काढायला आणि प्रसिद्ध करायला आधी परवानगी घेण्याची अट काढून टाकली. संवेदनशील ठिकाणांची बंधने तेवढी राहिली. सर्वेक्षण विभागाने २०१७ मध्ये आपली टोपोशीटेही आधार क्रमांकावर मोफत द्यायला सुरुवात केली. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये मराठी नावासाठी वेगळा रकाना आहे, आणि तिथे ठाकरवाडी देवनागरीत लिहिता येते.

म्हणून जुन्नर-आंबेगावच्या सरपंचांना, शिक्षकांना आणि सुट्टीला घरी येणाऱ्या पोरांना एक सांगणे आहे. पुढच्या ग्रामसभेत एक विषय वाढवा. गावातल्या सगळ्या वाड्या, वस्त्या, ओढे, विहिरी, पाणंदी यांची नावे म्हाताऱ्यांना विचारून लिहून काढा, काय उघड करायचे ते सभेत ठरवा, आणि ते आधी खुल्या नकाशावर भरा. एक प्रत ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा. गुगलवरचा ठिपका त्यानंतर खुशाल लावा. गिऱ्हाईक तिथूनच येणार आहे. आणि डिंभ्याकाठच्यांनी घाई करावी, पाण्याखालच्या गावाची नावे सांगणारी माणसे फार उरलेली नाहीत.